त्या रविवारची डाळ

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत मुगाच्या डाळीत होते. शनिवारची संध्याकाळ होती. रविवारच्या भुर्जीसाठी डाळ भिजत घालायची, तर आधी ती चार पाण्यांनी धुवायची आणि पाणी काचेसारखं झालं की मगच झाकायची, हा माझाच नियम. तिसरं पाणी चालू होतं. करंगळीने कसाबसा फोन उचलला. पलीकडे माझी भाची मुक्ता होती. "मामा, बाबा गेले." तेवढंच. माणसाने अशा वेळी काहीतरी बरं बोलावं, धीर द्यावा, निदान गप्प तरी राहावं. मी म्हणालो, "अगं, पण मी डाळ भिजत घालतोय." पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मूर्ख वाक्यं माझ्या तोंडून तासाला एक या गतीने बाहेर पडत आली आहेत. पण या वाक्याला तोड नाही. मुक्ता लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, "हो मामा. ठेवा ती तशीच. या तुम्ही."

डाळ तशीच राहिली. दोन दिवसांनी घरी आलो तेव्हा तिला आंबूस वास सुटला होता आणि वर फेस आला होता. टाकवेना. ठेवून तरी काय करणार... शेवटी टाकलीच.

गेले ते माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, शैलाताईचे यजमान. मूळचे नांदगावकडचे. तरुणपणी नाशिकला आले, मोटरी भरायचं काम शिकले आणि दिंडोरी रोडला त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर जळाली की ती उघडायची, करपलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार मोजून मोजून भरायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. प्रत्येक मोटरीत तारेचे किती वेढे, तार किती जाडीची, चालवून बघितल्यावर निकाल काय, हे सगळं ते एका लांबट वहीत लिहून ठेवत. शेवटी, ज्याने मोटर भरली त्याचं नाव. चूक झाली तर चूकही लिहीत. "वही खोटी ठेवली तर पुढची मोटर जळते," असं म्हणायचे. हे मी अनेकदा ऐकलं होतं. दर वर्षी दहावीच्या वर्गात तेच स्वतःचं म्हणून सांगतही असे. पोरांनो, प्रयोग न करता निरीक्षणं लिहू नका, म्हणून. काही जणांच्या तर वह्या फाडल्या आहेत मी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी बारावीत होतो. आमच्या घरी चातुर्मासात कांद्यालासुद्धा रजा मिळायची, तिथे अंड्याचं नाव कोण काढणार? दाजींच्या घरीही त्यांच्या आईने उंबऱ्याची सीमा आखून दिलेली होती. काय खायचं ते खा, पण बाहेर. त्यामुळे दाजींचा अंड्याचा तवा जिन्याखाली एका खिळ्याला टांगलेला असायचा. शेजारी त्याचं स्वतंत्र उलथनं, स्वतंत्र घासणी. तवा घासायचा तो बाहेरच्या नळावर, आणि वापरायचा गच्चीवर, स्टोव्हवर. रविवारी सकाळी दाजी तो तवा बगलेत मारून गच्चीवर निघाले की एखादा पैलवान आखाड्यात निघाल्यासारखं वाटे. पहिल्यांदा त्यांनी मला वर बोलावलं तेव्हा तव्यावर कांदा, मिरची, टोमॅटो परतून झालं होतं. त्यांनी एका हाताने टक टक करून चार अंडी फोडली, उलथन्याने भराभर मोडली, वरून कोथिंबीर टाकली आणि पावात भरून माझ्या हातात दिलं. "घ्या मेव्हणे. बायकोचा भाऊ म्हणून नाय, भुकेला माणूस म्हणून घ्या." मी घेतलं. पुढची चाळीसेक वर्षं घेतच राहिलो. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात, पण रविवार सकाळ मोकळी राहावी हेही त्यातलं एक असावं.

गंमत अशी की ताईने अंडं कधी तोंडाला लावलं नाही, पण भुर्जीचा कांदा तीच चिरून द्यायची. अगदी बारीक. आम्ही चिरला की तिला ते बघवत नसे. कांदा तिचा, मिरची तिची, कोथिंबीर तिची, अंडी तेवढी आमची. सासूबाई गेल्यावरही तिने उंबऱ्याचा नियम मोडला नाही. दाजींनी एकदा म्हणून बघितलं, "आता आई नाय, तवा आत घेतला तर?" ताई म्हणाली, "आई नाहीत म्हणून तर नाही." दाजींनी पुन्हा विषय काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी ताईला डेंग्यू झाला. साधा म्हणता म्हणता प्लेटलेट्स घसरत गेल्या आणि दोन रात्री अशा गेल्या की डॉक्टरही आमच्या नजरेला नजर देईनात. दाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे असायचे. बसायचे नाहीत. ताई उठली, घरी आली. त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे अंडी घेऊन पोचलो, तर दाजींनी पिशवी परत माझ्याकडे दिली. "मी सोडली." मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. तर म्हणाले, व्हरांड्यात बोललो होतो, ही बरी होऊन घरी आली तर अंडं पुन्हा खाणार नाय.

"कुठल्या देवाला बोललात?"

"जो ड्यूटीवर होता त्याला."

मी विज्ञानाचा मास्तर. मला चेव आला. प्लेटलेट्स कशा कमी होतात, कशा वाढतात, त्यात कोंबडीचा आणि देवाचा काहीही संबंध कसा नाही, यावर मी त्यांना पंधरा मिनिटं तास घेतला. त्यांनी सगळा ऐकून घेतला. मग म्हणाले, "मेव्हणे, तुमचं बरोबर असंल. पण मी बोललोय ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आणखी पाच मिनिटं बोललो.

त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. आम्ही गच्चीवर जायचो, चहा आणि खारी खायचो, तवा खाली खिळ्यालाच. दाजी तक्रार करणाऱ्यातले नव्हते. पण स्कूटरवरून जाताना कोपऱ्यावर भुर्जीची गाडी आली की ते वेग कमी करत. थांबत नसत. नुसता वेग कमी. मागे बसलेल्या मला ते कळायचं.

मग मुक्ताने पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. अंड्याशिवायची भुर्जी. वर लिहिलं होतं, प्लांट बेस्ड. दाजींनी चष्मा लावून वाचलं. "प्लांट बेस्ड म्हणजे?" मी म्हटलं, सगळं झाडापासून, प्राण्यापासून काही नाही. "याला आपण भाजी म्हणायचो ना?" पण त्यांचे डोळे चमकले होते आणि माझ्यातला मास्तर जागा झाला होता. निवृत्त झाल्यापासून कुणी मला प्रयोग करायला दिला नव्हता.

पहिल्या रविवारी सोयाबीनचं पनीर कुस्करून केली. दाजींनी घास घेतला आणि काळजीने विचारलं, "हे पनीर आजारी हाय का?" दुसऱ्या रविवारी बेसन. ते तव्यावर टाकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं पिठलं झालं. दाजींनी भाकरी मागवली, दोनदा वाढून घेतलं. पण भुर्जीच्या प्रयोगात पिठल्याचं कौतुक होणं म्हणजे नापासच. मग व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मुगाची डाळ. भिजवायची, वाटायची, हळद घालायची, तेल लावलेल्या तव्यावर घट्ट होऊ द्यायची, मग मोडून कांदा-टोमॅटोत परतायची. शेवटी काळं मीठ, कारण अंड्याचा वास त्यात असतो. ही निम्मी जमली. दिसायला भुर्जी, खायला ढोकळा. पुढच्या वेळी काळं मीठ हाताबाहेर गेलं, तर दाजी म्हणाले, पाणीपुरीवाल्याकडे आल्यासारखं वाटतंय.

पण या सगळ्यातून एक मोठी गोष्ट घडली. तिसऱ्या का चौथ्या रविवारी ताई जिन्याशी आली, म्हणाली, "आता यात अंडं नाही ना? मग उन्हात गच्चीवर कशाला बसता? आणा तो तवा आत." तिने तो आधी राखेने घासला, मग चिंचेने, मग गॅसवर लाल होईपर्यंत तापवला, गार केला आणि त्याला हळद-कुंकू लावलं. इतक्या वर्षांनी तव्याचा गृहप्रवेश झाला. दाजी दारात उभे राहून म्हणाले, "माझासुद्धा एवढा झाला नव्हता." ओट्यावर तिच्या भाकरीच्या तव्याशेजारी तो जाऊन बसला. मी त्या दिवशी फार खूश होतो. ही आपली कर्तबगारी, असं वाटत होतं.

खूश माणूस चढतो. मीही चढलो. दर रविवारी दाजी चव घ्यायचे, मान हलवायचे, "नाय मेव्हणे. अंडं ते अंडं," म्हणायचे, आणि मोठ्याने हसायचे. हसण्यात काही नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र ते बसत गेलं. एकदा दुकानातल्या गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "आमचे मेव्हणे सायन्सचे मास्तर, पण मुगाला अंडं द्यायला अजून शिकवता आलं नाय." दुकान हसलं. मीही हसलो आणि घरी येताना ठरवलं, आता दाखवतोच.

मी काय केलं ते सरळ सांगतो. पुढच्या रविवारी घरीच वाटलेल्या डाळीत, दिसण्यापुरत्या दोन चमचे डाळीत, मी चार अंडी फेटली. स्टीलच्या डब्यात भरली. फुटलेली टरफलं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकली. माझा बेत असा होता की दाजी खाणार, "नाय, अंडं ते अंडं" म्हणणार, म्हणजे त्यांना काहीही दिलं तरी ते हेच म्हणतात हे सिद्ध होणार, आणि मग मी पुराव्यादाखल टरफलं टेबलावर ठेवणार. नवसाचं काय? खरं सांगू... नवसाचा विचार माझ्या मनात आला होता. एका घासाने काय होतंय, असं मीच मला उत्तर दिलं होतं. मला जिंकायचं होतं. चूक म्हणजे चूक, आणि ती न समजून झालेली नाही.

ताईच्या ओट्यावर, ताईने हळद-कुंकू लावलेल्या तव्यावर मी ती भुर्जी केली. ताटलीत वाढली. दाजींनी पावाचा तुकडा मोडून घास घेतला आणि चावायचे थांबले. पुन्हा घेतला. त्यांनी मान हलवली नाही, हसले नाहीत. डोळे भरून आले होते त्यांचे. "मेव्हणे..." एवढंच म्हणाले. मी खिशात हात घातला. टरफलांची पुडी मुठीत आली. आता बोलायचं, एवढ्यात ते ओरडले, "शैला! ये इकडं, लवकर!" ताई पदराला हात पुसत आली. "आयुष्यभर आम्ही काय खात होतो ते तुला कधी सांगता आलं नाय. आज बघ. पाप नाय यात, मूग हाय." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने घास करून तिला भरवला.

साठी उलटलेल्या नवऱ्याने मेव्हण्यासमोर घास भरवला म्हणून ताई लाजली. तोंडावर पदर धरून तिने तो खाल्ला. म्हणाली, "बाई, चांगली लागते की हो! यासाठी गच्चीवर पळत होतात होय?" ते दोघं हसत होते. माझ्या खिशातली मूठ आवळत गेली. टरफलांचा चुरा झालेला मला बोटांना कळत होता. त्या वेळी बोलायला काय लागलं असतं? एक वाक्य. जो माणूस शोकाच्या फोनवर डाळीचं बोलू शकतो त्याला ते एक वाक्य बोलता आलं नाही. घरी जाताना पुडी रस्त्याकडेच्या कचराकुंडीत टाकली. सदरा धुतला तरी खिशाच्या शिवणीत बारीक पांढरे तुकडे राहिले होते. कितीतरी दिवस ते बोटांना लागायचे.

पुढे मी अंड्याला हात लावला नाही. दर रविवारी प्रामाणिकपणे मुगाचीच भुर्जी करायचो, आणि दर रविवारी दाजी म्हणायचे, "बरी हाय. पण त्या दिवसासारखी नाय." एकदा त्यांनी विचारलं, "त्या दिवशीची डाळ कुठली होती?" मी म्हटलं, आठवत नाही, कुठल्यातरी किराणावाल्याची असेल. मोटरीत वेढे चुकले तर रात्रीचं जेवण विसरणारा माणूस तो. त्यांनी शोध सुरू केला. रविवार कारंज्याच्या बाजारातून डाळ आणली. नांदगावला गेले तिथून आणली. इगतपुरीच्या, हरसूलच्या गिऱ्हाइकांना सांगून तिथल्या बाजारातून मागवली. प्रत्येक पुडीवर मार्करने नाव. "सालीची काढून घरी भरडली तर?" "पाणी विहिरीचं घेतलं तर?" मी त्यांना सूचना करायचो. हो, सूचनाही करायचो. मास्तर ना मी.

आणि एक गोष्ट, जी लिहायला मला स्वतःचीच लाज वाटते. ताई जरा खोकली तरी माझे कान टवकारले जायचे. नवस तिच्यासाठी होता. मोडला मी. प्लेटलेट्सवर वीस मिनिटं तास घेणारा मी, तिला ताप तर नाही ना म्हणून काहीतरी निमित्त काढून फोन करायचो. "विनू, हल्ली फार जीव लावतोस रे," ती म्हणायची. मी नजर ताईवर ठेवून होतो. दाजींकडे बघायचं राहून गेलं.

त्यांच्या छातीत पाणी झालं तेव्हा पहिल्यांदा कुणालाच ते फार वाटलं नाही. मग दवाखाना. शेवटच्या रविवारी मी डॉक्टरांना विचारून डबा नेला. त्यांनी दोन चमचे खाल्ले. धाप लागत होती, तरी म्हणाले, "बरी हाय. पण त्या दिवसासारखी नाय झाली मेव्हणे." मग थांबत थांबत, "हरसूलची पुडी राहिलीय. घरी गेलो की ती करू." ताई औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. दहा मिनिटं तरी. मी तोंड उघडलं. त्यांनी बघितलं. "काय?"

"काही नाही. पुढच्या रविवारी करतो."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. पुढच्या रविवारसाठीच मी डाळ धूत होतो.

दहाव्याला गोदावरीवर गेलो. आदल्या दिवशी मुक्ता म्हणाली, "मामा, बाबांच्या आवडीचं ठेवायचं असतं पिंडाशेजारी. तुमची मुगाची भुर्जी कराल?" नाही कसं म्हणणार? पानावर ती ठेवली आणि आम्ही बाजूला झालो. मी मनात तयारी करून ठेवली होती. कावळा शिवणार नाही, सगळे काय इच्छा राहिली असेल म्हणून एकमेकांकडे बघतील, आणि मला तिथे, सगळ्यांसमोर, बोलावं लागेल. चला, एकदाचं बोलून टाकू. पण मी दोन पायऱ्या चढतो न चढतो तोच कावळा आला आणि नेमकी भुर्जीच उचलून गेला. नातेवाईक गहिवरले. "काही राहिलं नव्हतं बघा मनात. सगळं आवडीचं मिळालं." कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. चला, कावळाही फसला, असं माझ्या मनात आलं. असलं काहीतरी माझ्या मनात कुठेही येतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, मी अधूनमधून गमतीचं लिहितो त्या पेपरच्या या पुरवणीकडून विचारणा झाली. दुकानामुळे दाजींना ओळखणारे पुष्कळ, त्यांच्याविषयी लिहाल का, तुमच्या विनोदी पद्धतीने. मी हो म्हटलं. आजारी पनीर, पिठलं, तव्याचा गृहप्रवेश, सगळं मनात जुळून आलं होतं. बरोबर कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं. चार-पाच जुने फोटो मागायला मी ताईकडे गेलो.

तिने फोटो काढले नाहीत. दाजींची लांबट वही काढली. मोटरींची पानं संपल्यावर मागच्या बाजूने त्यांनी एक पान आखलं होतं. वर लिहिलं होतं, मुगाची भुर्जी. खाली रकाने. रविवार कोणता, डाळ कुठली, पाणी किती, निकाल. पहिली ओळ त्या रविवारची. डाळ कुठली, याच्यापुढे प्रश्नचिन्ह. निकाल, "अंडंच!" उद्गारचिन्ह दोनदा गिरवलेलं. खाली एकेक पुडी. रविवार कारंजा, निकाल नाय. नांदगाव, बरी, पण नाय. इगतपुरी, नाय. घरी भरडलेली, नाय. शेवटची ओळ हरसूलची. तिचा निकाल कोरा.

ताई म्हणाली, "महिन्याचा दिवस येतोय. मला वाटतं तेव्हा ती त्या दिवसासारखी करावी. आठव ना रे विनू, कुठून आणली होतीस डाळ? ह्यांची वही अपुरी राहिलीय."

मी सांगितलं. डबा, दोन चमचे डाळ, टरफलं, खिसा, सगळं. मध्ये कुठेही विनोद केला नाही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. ताई ऐकत होती. तिच्या हातात दळणाची पिशवी होती, तिची गाठ ती सोडत होती आणि पुन्हा मारत होती. मी संपवलं तरी तिचं तेच चालू होतं. मग मी, ज्याला गप्प बसता येत नाही तो मी, म्हणालो, "ताई, कदाचित दाजींना कळलं असेल गं. चाळीस वर्षं अंडं खाल्लेला माणूस. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नसतील."

तिने मान वर केली. "ह्यांना कळलं असतं, तर ह्यांनी मला घास भरवला असता का रे?"

तिथे माझी शेवटची पळवाट बंद झाली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने म्हणाली, "मला सांगितलंस ते ठीक. पण त्यांना सांगायचं होतंस. ते डाळ शोधत फिरले रे. छातीत दुखत असताना नांदगावला गेले." मग तिने वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिलं. "लिही. त्यांची वही खोटी राहायला नको. आणि पेपरात लिहिणार असशील तर तिथेही हेच लिही. नुसतं गोडगोड लिहू नकोस."

प्रश्नचिन्हाच्या पुढे मी लिहिलं, डाळ नावापुरती, अंडी चार. "नाव," ताई म्हणाली. ज्याने मोटर भरली त्याचं नाव शेवटी असायचं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. पस्तीस वर्षं मी ज्या वह्या फाडल्या त्या पोरांची अक्षरं माझ्याहून बरी होती.

ताईने ओट्यावरचा तवा उचलला, धुतला, पुसला आणि जिन्याखाली नेऊन जुन्या खिळ्याला टांगला.  मी चप्पल घालताना मागून आवाज आला, "रविवारी येशील ना? कांदा चिरून ठेवते."

त्या रविवारी मी तवा बगलेत मारून गच्चीवर गेलो. स्टोव्ह पेटवायला अर्धा तास लागला. दाजी असते तर हसून लोळले असते. हरसूलची पुडी फोडली होती, वरचं त्यांचं अक्षर फाटू नये म्हणून बाजूने. डाळ चार पाण्यांनी धुतली, वाटली, तव्यावर घातली, मोडली, ताईच्या बारीक कांद्यात परतली. काळं मीठ मोजून. ताई गुडघे धरत जिना चढून वर आली. पायरीवर बसली. मी ताटली पुढे केली. तिने एक घास घेतला, सावकाश चावला. मी विचारलं, "कशी आहे?"

तिने पदराखालून वही काढली आणि माझ्याकडे सरकवली.

मी चव घेतली. पुन्हा घेतली. मग हरसूलच्या ओळीपुढे, कोऱ्या जागेत लिहिलं, "नाय."